चाक फिरते, गाव येत नाही

अकलोलीला आम्ही गेलो होतो ते भाच्याचे पाय शेकायला. तानसा नदीच्या काठची ती गरम पाण्याची कुंडे ठाण्या-मुंबईच्या लोकांना नवी नाहीत. वज्रेश्वरीचे दर्शन घ्यायचे, अकलोलीला अंग शेकायचे, गणेशपुरीला नित्यानंदांच्या समाधीपाशी घटकाभर टेकायचे आणि दिवेलागणीला घर गाठायचे, ही सहल आमच्या घरात सासूबाईंपासून चालत आलेली आहे. गुडघे धरले की अकलोली, कंबर धरली की अकलोली. सासूबाईंच्या वैद्यकात दुसरे औषधच नव्हते.

२०२४ च्या जानेवारीतला तो रविवार होता. भिवंडीची वाहनांची गर्दी लागू नये म्हणून पहाटेच निघालो. हे, मी, मुलगा, सून आणि माझ्या बहिणीचा मुलगा. भाचा चोवीस वर्षांचा. शाळेत असताना खो-खोच्या संघात होता, कॉलेजात क्रिकेट खेळला. गेली दोन वर्षे मात्र संगणकापुढे दहा-दहा तास बसून आहे. शुक्रवारी संध्याकाळी तो सुनेबरोबर तिच्या सायकलच्या क्लासला गेला आणि शनिवारी सकाळपासून त्याला जिना उतरता येईना. कठडा धरून, एकेक पायरी आडवे होऊन, लहान मूल उतरते तसा तो उतरू लागला. आम्ही सगळे हसलो. मीही हसले, हे आता लिहिताना बरे वाटत नाही.

“चल, उद्या तुला अकलोलीच्या कुंडात बसवते,” मी म्हटले. “दोन तासांत पाय मोकळे होतील.”

“मावशी, तुझ्या कुंडात बसवण्यापेक्षा खांद्यावरून खाली उतरव,” तो म्हणाला.

आता हा सायकलचा क्लास काय प्रकार आहे ते सांगायला हवे. कारण माझ्या वयाच्या पुष्कळ जणींना तो ठाऊक नसेल. एक मोठी खोली, काळोखी. तीत वीस-पंचवीस सायकली ओळीने मांडलेल्या. पण त्यांना मागचे चाक नाही, घंटी नाही, कॅरियर नाही, आणि त्या जागच्या हलत नाहीत. पुढे एक जड पोलादी चाक असते. पॅडल मारले की ते फिरते. हँडलखाली एक नॉब असतो, तो पिळला की चाकावरचा दाब वाढतो आणि सपाट रस्ता जणू घाट होतो. समोर उंचवट्यावर शिकवणारी मुलगी स्वतः सायकलवर बसलेली. गाणे लागते, दिवे निळे-तांबडे होतात, ती ओरडते, “चढण आली, उठा!” की पंचवीस माणसे सीटवरून उठून उभ्याने पॅडल मारू लागतात. पाऊण तासाने दिवे लागतात. सगळे घामाने निथळत असतात, आणि निघाले होते तेथेच असतात.

अशा वर्गांना ‘बुटीक’ म्हणतात, म्हणजे शिंप्याच्या मोठ्या दुकानाऐवजी बेतून कपडे शिवणारे छोटे, नखरेल दुकान असावे तसे. व्यायामशाळेत सगळेच असते. येथे एकच गोष्ट, पण थाटाची. आमच्या सुनेच्या क्लासात टॉवेलसुद्धा गुंडाळून, वर मोगऱ्याचे फूल ठेवून देतात. त्या फुलाचे पैसे बिलात कोठे तरी असतातच, असे ह्यांचे मत.

जागेवरच फिरणारी सायकल ही कल्पना जुनी आहे. १७९६ साली फ्रान्सिस लाउंड्स नावाच्या इंग्रजाने ‘जिम्नॅस्टिकॉन’ नावाच्या यंत्राचे पेटंट घेतले होते. हातापायांनी चाके फिरवून आजारी माणसाने व्यायाम करावा ही त्यामागची योजना. १९१२ साली बुडालेल्या टायटॅनिक बोटीवरच्या व्यायामशाळेतही अशा सायकली होत्या. पण त्यांचा वर्ग भरवण्याची युक्ती काढली ती जॉनी गोल्डबर्ग या दक्षिण आफ्रिकेत जन्मलेल्या सायकलपटूने. तो कॅलिफोर्नियात लांब पल्ल्याच्या शर्यतीची तयारी करीत होता. रात्री रस्त्यावर सराव करताना एकदा मोटारीखाली येता येता वाचला, तेव्हा त्याने घरातच एक सायकल बनवून घेतली. मग मित्रमंडळी जमवून तो त्यांना गाण्याच्या तालावर शिकवू लागला. ‘स्पिनिंग’ हे नाव त्याच्या मंडळींनी नोंदवून घेतले, आणि १९९५ साली श्विन या सायकलच्या कारखान्याने ती सायकल बाजारात आणली. २००६ साली न्यूयॉर्कमध्ये ‘सोलसायकल’ निघाले. मेणबत्त्या आणि काळोख ही त्यांची तऱ्हा. २०१२ मध्ये स्थापन झालेल्या ‘पेलोटॉन’ने सायकल आणि पडद्यावरचा शिक्षक दोन्ही घरी पोचवले. २०२० च्या साथीत लोक घरी कोंडले गेले तेव्हा तिच्या सायकलींसाठी रांगा लागल्या, आणि दारे उघडली तेव्हा २०२२ मध्ये तिलाच सुमारे २८०० माणसे कमी करावी लागली. माणसाला सायकल हवी होती की सोबत, याचा जबाब त्यात बराचसा मिळतो, असे मला वाटते.

सोबतीचे मी अनुभवाने सांगते. सून मला प्रथम घेऊन गेली तेव्हा मी एकसष्ट वर्षांची होते आणि माझे गुडघे त्याहून म्हातारे. माझे बालपण पुण्यात गेले. वडील कचेरीत सायकलवर जात, आणि आम्ही मुली तासाच्या बोलीने सायकल भाड्याने आणून पेठेतल्या बोळात शिकलो. लग्न होऊन ठाण्यास आले आणि सायकल सुटली ती सुटलीच. आजच्या घोडबंदर रस्त्यावर मी सायकल काढीन म्हटले तर हे मला दाराबाहेर सोडणार नाहीत, आणि ते बरोबरच आहे. म्हणून त्या काळोख्या खोलीत पॅडलवर पाय ठेवला तेव्हा चाळीस वर्षांपूर्वीची कोणी भेटल्यासारखे झाले. काळोखाचा एक गुण तेथेच कळला : आपले पोट, आपला घाम, आपले धापा टाकणे कोणाला दिसत नाही.

गुडघ्यांच्या डॉक्टरांनाही माझा बेत पसंत पडला. चालताना, जिना उतरताना शरीराचा भार गुडघ्यावर आदळतो. सायकलवर तो बराचसा सीट उचलते, आणि सांधा मात्र फिरता राहतो. मांडीचे स्नायू बळावले की गुडघ्याला आधार मिळतो. अट एकच, सीटची उंची बरोबर हवी. सायकलशेजारी उभे राहिले की सीट कमरेच्या हाडाशी यावी, आणि पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचितच वाकलेला राहावा. सीट फार खाली असेल तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. फार वर असेल तर कंबर डावी-उजवी डुलते आणि पाठ धरते. शिकवणाऱ्या मुलीने पहिल्या दिवशी माझी सीट तीनदा बदलली. ज्या क्लासात हे कोणी करीत नाही, तेथून फुलाचा टॉवेल घेऊन परत यावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटांचा मध्यम किंवा पंचाहत्तर ते दीडशे मिनिटांचा जोराचा व्यायाम सांगितला आहे. पावसाळ्याचे चार महिने ठाण्यात ही मिनिटे भरायची कोठे? पाणी साचलेले, पदपथ उखडलेले. तेव्हा छपराखालचे चाक ही चैनच म्हणता येणार नाही.

पण हाडांना त्या सायकलचा म्हणावा तसा उपयोग नाही. हाड बळकट होते ते भार पडल्याने, आणि भारच तर येथे सीट घेते. चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायकांनी सायकल धरली म्हणून चालणे सोडू नये. दुसरी गोष्ट आवाजाची. कानांच्या सुरक्षिततेचा अमेरिकेतला एक मान्य हिशेब असा आहे की ८५ डेसिबलचा आवाज आठ तास सोसवतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटे. क्लास पाऊण तासाचा असतो आणि गाणी हळू नसतात. मी कानात कापूस घालते. शिकवणारीला वाटते आजींना थंडी वाजते.

पैशाचे न बोललेले बरे. दहा तासांच्या पुस्तकाला सहा हजार रुपये, आणि न वापरलेले तास परत नाहीत. पहिला तास मात्र फुकट. भाच्याने पहिला तास फुकट घेतला आणि त्या धुंदीतच बाहेर येऊन दहा तासांचे पुस्तकही फाडून घेतले.

त्याच्या पहिल्या तासात झाले ते असे. तो पुढच्या रांगेत बसला. नेहमीच्या सायकलला फ्रीव्हील असते. पाय थांबवले तरी ती घसरत जाते. या सायकलींतल्या पुष्कळशांना ते नसते. जड चाक फिरू लागले की पॅडले पाय ओढत नेतात. थकलेल्या माणसाला नुसते थांबताही येत नाही, ब्रेक दाबावा लागतो. शिवाय चौवीस वर्षांच्या मुलाच्या शेजारी पन्नाशीची बाई नॉब पिळत असेल तर तो आपला नॉब सोडणार थोडाच? घोटभर पाणीही प्यायला नाही. त्याचा दम त्याला साथ देत होता, फक्त मांड्या त्या कामाच्या नव्हत्या राहिल्या.

अकलोलीला पोचलो तेव्हा ऊन नुकते पडले होते. कुंडांवर वाफ दिसत होती, गंधकाचा तो ओळखीचा वास होता. वज्रेश्वरीच्या देवीने दैत्य मारले, त्यांच्या रक्ताची ही कुंडे झाली, अशी इकडची कथा. भूगर्भशास्त्रज्ञ सांगतात की सह्याद्रीच्या काळ्या दगडाच्या भेगांतून पाणी खोल उतरते, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. कोकणात अशा झऱ्यांची माळच उत्तर-दक्षिण पसरली आहे. एखाद्या कुंडात पायाचे बोटही ठेववत नाही, दुसऱ्यात खुशाल बसता येते. ह्यांनी आणि मुलाने भाच्याला दोन्ही खांद्यांना धरून बसता येण्याजोग्या कुंडात उतरवले. वीस मिनिटे तो डोळे मिटून बसला. “काय सुख आहे,” एवढेच म्हणाला.

बाहेर आला तेव्हा मात्र त्याचा चेहरा उतरलेला होता. मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या, हात लावू देईना. आडोशाला जाऊन आला आणि ह्यांच्या कानाशी काही कुजबुजला. लघवी कोऱ्या चहासारखी झाली होती. रात्रीपासूनच तशी होती, पण सांगायची लाज वाटली.

“कावीळ,” हे म्हणाले. मी त्याचे डोळे पाहिले; ते स्वच्छ पांढरे. तेथेच देवळाच्या पायरीवर बसून मी आमच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी डोळ्यांचे काही विचारलेच नाही. विचारले, “परवा याने काही भलताच व्यायाम केला का?” सुनेने क्लासचे सांगितले. “दर्शन राहू द्या. पाणी पाजत आणा आणि सरळ रुग्णालयात न्या.”

गणेशपुरी राहिली. अंबाडी, भिवंडी, कशेळी; रविवार असूनही कधी नाही एवढे सिग्नल त्या दिवशी लागले. सून मागच्या सीटवर त्याचा हात धरून बसली होती आणि एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “आई, मीच नेलं हो त्याला.” तिला काय उत्तर द्यावे ते मला सुचले नाही. अकलोलीला मीच नेले होते.

या विकाराचे नाव ‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस’. सवय नसलेल्या स्नायूंवर एकाएकी फार ताण पडला की त्यांच्या पेशी फुटतात आणि आतले द्रव्य रक्तात उतरते. त्यातले ‘मायोग्लोबिन’ लघवीला तो काळसर रंग देते आणि मूत्रपिंडात अडकून ते निकामीही करू शकते. व्यायामानंतरचे साधे दुखणे दोन-तीन दिवसांत ओसरते. हे वाढते, मांड्या सुजतात, आणि लघवीचा रंग बदलतो. २०१७ साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये न्यूयॉर्ककडच्या डॉक्टरांनी याच सायकल-वर्गांनंतर झालेल्या अशा रुग्णांची हकीकत लिहिली आहे. त्यांनी बजावले ते हेच की धोका पहिल्या तासालाच सर्वांत अधिक. आणि तो अशक्त माणसांनाच असतो असे नाही. तरुण, दमदार, पण या व्यायामाला नवखा माणूस सर्वांत लवकर सापडतो. कारण त्याच्या अंगात थांबण्याची अक्कल सोडून सर्व काही असते. (ही शेवटची टीप डॉक्टरांची नव्हे, माझी.)

रक्तातले ‘क्रिएटिन कायनेज’ एरवी दोनशेच्या आसपास असते. भाच्याचे पन्नास हजारांवर गेले होते. चार दिवस शिरेतून सलाइन चालले. बहीण नाशिकहून आली आणि दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. मूत्रपिंडे वाचली. डॉक्टरांनी मला अकलोलीवरून दोन शब्द ऐकवले : कुंडाने दुखणे आणले नाही, पण आधीच पाणी कमी पडलेल्या शरीरातून घामावाटे आणखी पाणी गेले. अंग दुखते म्हणून शेकायला जाणाऱ्याने आधी ते का दुखते ते पाहावे. सासूबाई असत्या तर त्यांनी डॉक्टरांचे ऐकले नसते, पण मी ऐकले.

सुनेच्या क्लासने पुढे एक बदल केला. नवख्याला आता दाराजवळची सायकल देतात, पहिल्या दिवशी वीस मिनिटांनी उतरवतात, नॉब शिकवणारी स्वतः लावते आणि मध्ये पाणी प्यायला थांबवतात. सुनेने त्यासाठी तेथे जाऊन भांडण केले होते, हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळले. भाचा दोन महिन्यांनी डॉक्टरांच्या परवानगीने चालू लागला, मग तळ्यापाळीभोवती सावकाश धावू लागला. क्लासचे नाव काढले की अजून मांडीवर हात ठेवतो.

त्याच्या पुस्तकातले दहा तास तसेच पडून होते. पैसे परत मिळेनात, तेव्हा सुनेने पुन्हा एकदा भांडून ते माझ्या नावावर करून घेतले. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसातला दाराजवळची सायकल माझी असते. शिकवणारी “चढण आली, उठा!” म्हणून ओरडते तेव्हा पुढचे चोवीस जण उठतात. मी बसूनच राहते, आणि कापूस जरा आत सारते.