फोर्जेटसाहेब : सत्तावनच्या मुंबईचा वादग्रस्त पोलीसप्रमुख

चार्ल्स फोर्जेट हा १८५५ ते १८६३ या काळात मुंबईच्या पोलिसांचा प्रमुख होता. पोलीस कमिशनर हे पद तेव्हा निर्माण व्हायचे होते. त्याचा हुद्दा सुपरिंटेंडंटचा. इंग्रज इतिहासकारांनी मुंबई वाचवल्याचे श्रेय त्याला दिले. सत्तावनचा उठाव हे स्वातंत्र्ययुद्ध मानणाऱ्यांच्या लेखी तो दोन देशी सैनिकांना तोफेच्या तोंडी देणारा हेर ठरला. दोन्ही मतांना आधार आहे. मात्र त्याच्या कारकिर्दीत या दोन्ही मतांत न मावणारेही बरेच काही आहे.

फोर्जेट हिंदुस्थानातच वाढला. त्याचा बाप मद्रासच्या तोफखान्यात होता. घराणे मिश्र रक्ताचे, म्हणजे त्या काळच्या भाषेत युरेशियन. पोराला विलायतेतील शाळा मिळाली नाही, पण मराठी आणि हिंदुस्थानी या भाषा मातृभाषेसारख्या अवगत झाल्या. मोजणी खात्यातील नोकरीने त्याला मुलूख पायाखाली घालायला लावला. पुढे बेळगाव-धारवाडकडच्या दक्षिण मराठा मुलखात दरोडेखोरांचा माग काढण्यात त्याने नाव मिळवले. लॉर्ड एल्फिन्स्टन १८५३ मध्ये मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याने १८५५ मध्ये या माणसाला मुंबईत आणले, ते या नावलौकिकावरच.

तेव्हाच्या मुंबईत चोर आणि शिपाई यांचे साटेलोटे असल्याची बोलवा होती. फोर्जेटने आधी आपल्याच खात्यात साफसफाई केली. १८५६ च्या पोलीस कायद्याने त्याच्या हाती अधिकारही आले. हाताखालच्या देशी शिपायांत कोकणातल्या, विशेषतः रत्नागिरीच्या माणसांचा भरणा होता आणि पुढेही दीर्घकाळ राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबईच्या जनगणनांत बाहेरून आलेल्यांपैकी रत्नागिरीत जन्मलेल्यांची संख्या सर्वांत मोठी दिसते. डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर घरातल्या सगळ्यांचे पोट भरणे शक्य नव्हते. म्हणून थोरला शेतीवर आणि धाकटा पलटणीत, पोलिसांत किंवा गोदीवर, अशी घरोघरची वाटणी असे. मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे सकपाळ घराणेही पलटणीच्या चाकरीत होते, डॉ. आंबेडकरांचे वडील रामजी हे त्या घराण्यातले सुभेदार. पोलीस आणि पलटण यांची माणसे अशी एकाच मातीतून येत. आणीबाणीच्या वेळी ती कोणाच्या बाजूने उभी राहतील, हा प्रश्न १८५७ मध्ये खराखुरा होता.

वेषांतराच्या त्याच्या कथा अनेक आहेत. एल्फिन्स्टनशी पैज लावून तो पहाटे झाडूवाल्याच्या वेषात पहारेकऱ्यांच्या नजरेसमोरून थेट गव्हर्नरच्या शयनगृहात गेला, ही त्यांतली सर्वांत गाजलेली. कथेला तिखटमीठ लागले असेल. पण रात्री देशी वेषात तो मोहल्ल्यांतून, गुत्त्यांतून आणि बाजारांतून फिरत असे, यात शंका नाही. कोणी बंडखोरांची तारीफ करताना सापडला, तर तिथेच शिट्टी वाजे आणि शिपाई त्याला उचलून नेत. खबर, साक्ष आणि अटक ही तिन्ही कामे एकच माणूस करी आणि त्याला जाब विचारणारा कोणी नसे.

मेरठचा उठाव मे १८५७ मध्ये झाला. ३१ जुलैला कोल्हापुरात २७ व्या पलटणीने रामजी शिरसाट याच्या नेतृत्वाखाली बंड केले. या पलटणीची एक तुकडी रत्नागिरीलाही होती. रत्नागिरीत उठाव झाला नाही, पण बंडाचे लोण सह्याद्रीपर्यंत पोचल्याने मुंबईतले युरोपीय हबकले. शहरात देशी फौजेच्या तीन पलटणी होत्या : १० वी, ११ वी आणि मरीन बटालियन. त्यांच्यासमोर गोरे सैनिक चारेकशेच होते.

त्या वर्षी मोहरम आणि गणपती एकाच पंधरवड्यात आले. लष्कराचा प्रमुख ब्रिगेडियर शॉर्ट याला धोका वाटत होता तो ताबुतांच्या मिरवणुकीत, मुसलमान वस्तीत. फोर्जेटचे मत नेमके उलटे होते. गावातले लोक आपणहून उठणार नाहीत, धोका पलटणींच्या लाइनींत आहे, असे तो सांगत राहिला. सरकारने शॉर्टची योजना मान्य करून गोऱ्या शिपायांना आणि गोऱ्या पोलिसांनाही शहरभर विखुरण्याचे ठरवले. तेव्हा आपण हा हुकूम पाळणार नाही, असे फोर्जेटने गव्हर्नरला तोंडावर सांगितले. एल्फिन्स्टनने त्याला परवानगीही दिली नाही आणि मनाईही केली नाही. फोर्जेटने आपले पन्नासेक गोरे घोडेस्वार पोलीस एकत्र हाताशी ठेवले.

दुसरीकडे पोलीस कचेरीच्या आवारात त्याने फाशीचा खांब उभा केला. ज्यांच्यावर संशय होता अशांना बोलावून तो खांब दाखवला आणि गडबडीची चाहूल जरी लागली तरी इथे लटकाल, अशी ताकीद दिली. ना खटला, ना आरोपपत्र. खुनाचा आरोप नसलेल्या माणसाला फाशीची धमकी देण्याचा अधिकार त्याला कोणत्याही कायद्याने दिला नव्हता. शहर शांत राहिले हे खरे, पण ते या खांबामुळे राहिले की लोकांना उठायचेच नव्हते म्हणून, हा मुद्दा उरतोच. आणि लोक उठणार नाहीत, हे तर फोर्जेटचेच मत होते.

मोहरमच्या शेवटच्या रात्री १० व्या पलटणीतल्या एका दारूड्या ख्रिस्ती ढोलवाल्याने हिंदूंच्या मिरवणुकीत घुसून मूर्ती पाडली. दोन पोलिसांनी त्याला पकडून कोठडीत टाकले. पलटणीतल्या शिपायांनी कोठडी फोडून त्याला सोडवले आणि पोलिसांना चोप दिला. खबर मिळताच फोर्जेट एकटाच घोडा फेकत लाइनीत गेला. शिपाई त्याच्यावर चालून येऊ लागले आणि त्यांचे गोरे अधिकारी त्यांना कसेबसे थोपवत होते. तेवढ्यात ते पन्नासेक घोडेस्वार येऊन पोचले. हुकमाप्रमाणे ते शहरभर विखुरले असते, तर त्या रात्री काय झाले असते हे सांगण्याची गरज नाही.

यानंतर त्याच्या खबऱ्यांना सोनापूरजवळच्या गंगाप्रसाद नावाच्या माणसाच्या घराचा सुगावा लागला. तिथे शिपायांच्या गुप्त बैठका होत. फोर्जेटने गंगाप्रसादला रात्री उचलून आणले, दरडावून आणि आमिष दाखवून बोलते केले. मग शेजारच्या खोलीच्या भिंतीला भोके पाडून तो बैठका पाहू-ऐकू लागला. शिपायांवर असला आळ घेणे लष्करी अधिकाऱ्यांना पटत नव्हते, म्हणून त्याने मरीन बटालियनचा मेजर बॅरो यालाही तिथे नेऊन बसवले. भिंतीपलीकडे आपलीच माणसे पाहून बॅरो हादरला. बेत दिवाळीचा होता. सणाच्या गडबडीत उठायचे, शहर ताब्यात घ्यायचे, मग पुण्याकडे कूच करून नानासाहेबांची पेशवाई पुकारायची.

लष्करी न्यायालयाने मरीन बटालियनचा ड्रिल हवालदार सय्यद हुसेन आणि १० व्या पलटणीचा शिपाई मंगल गाडिया यांना मृत्युदंड दिला. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी, दिवाळी दोनतीन दिवसांवर असताना, एस्प्लनेडच्या मैदानात दोघांना तोफेच्या तोंडी बांधून उडवण्यात आले. पलटणी समोर उभ्या केल्या होत्या आणि शहरातले लोकही जमले होते. इतर काहींना जन्मठेप काळे पाणी झाले. ज्याच्या घरात कट शिजला तो गंगाप्रसाद मात्र साक्षीदार म्हणून वाचला.

याच काळातले नाना शंकरशेट यांचे प्रकरण फोर्जेटच्या बाजूने नोंदवायला हवे. उत्तरेतल्या बंडवाल्यांशी नानांचे संधान असल्याचा संशय गोऱ्या मंडळींत पसरला होता. सूडबुद्धीने पेटलेल्या वातावरणात एवढा आळही पुरला असता. चौकशी फोर्जेटकडे आली आणि आरोपात काही तथ्य नसल्याचा निष्कर्ष त्याने दिला. इथेही त्याच्या कामी आली ती देशी समाजातली त्याची ऊठबस. गोऱ्या क्लबातल्या वावड्यांपेक्षा बाजारातली खबर त्याला जास्त विश्वासाची वाटे.

उठाव शमल्यावर त्याच्याकडे नगरपालिकेच्या कमिशनरचेही काम होते. किल्ल्यातल्या कॉटन ग्रीनच्या उकिरड्यावजा मोकळ्या जागेवर एकसारख्या इमारतींचे वर्तुळ आणि मध्ये बाग, ही कल्पना त्याची. तिच्यातूनच एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल उभे राहिले.

तो निवृत्त झाला तेव्हा कापसाच्या तेजीने मुंबई पैशात लोळत होती. देशी आणि युरोपीय व्यापाऱ्यांनी त्याला मानपत्रे, थैल्या आणि तेजीतले शेअरही दिले. पोलीसप्रमुखाने व्यापाऱ्यांकडून असे धन घ्यावे, हे आजच्या नियमांत बसणारे नाही. तेव्हा सरकारनेच त्याला मोकळीक दिली होती. १८६४ मध्ये फ्रँक सौटर मुंबईचा पहिला पोलीस कमिशनर झाला. पुढे त्याला ‘सर’ हा किताब मिळाला. फोर्जेट अखेरपर्यंत मिस्टरच राहिला. देशी माणसात मिसळण्याची जी हातोटी त्याला उपयोगी पडली, तिनेच त्याला साहेबांच्या पंगतीत अर्धवट ठेवले असावे.

इंग्लंडमध्ये स्थायिक झाल्यावर १८७७ मध्ये त्याने हिंदुस्थानातील ‘खऱ्या धोक्या’वर एक पुस्तक लिहिले. भिंतीची भोके, फाशीचा खांब, हुकूम मोडण्याचा प्रसंग हे सारे तपशील बहुतांशी त्याच्याच लेखणीतून आले आहेत. होम्ससारख्या सत्तावनच्या इतिहासकारांनी त्याच्याच हकिगतीवर भिस्त ठेवली आणि पुढे पोलीस कमिशनर एस. एम. एडवर्ड्स याने मुंबई पोलिसांच्या इतिहासात त्याचेच चित्र रंगवले. वीस वर्षांनी, आपल्या कामगिरीचे चीज झाले नाही या भावनेने लिहिणारा माणूस स्वतःला प्रसंगाच्या मध्यभागी ठेवणारच. कटाचा आवाका किती होता हे ठरवताना ही गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. कट होता, हे मात्र बॅरोने पाहिले होते. फोर्जेट १८९० मध्ये वारला. ताडदेवला भाटिया रुग्णालयाजवळच्या रस्त्याला त्याचे नाव आहे.