कॅटामरानची सहल आणि आपली प्रकृती

गेल्या आठवड्यात दवाखान्यात एक निवृत्त गुरुजी पत्नीसह आले होते. मुलाने दोघांची डिसेंबरात मॉरिशसची सहल ठरवली आहे आणि त्यात एक दिवस कॅटामरान नावाच्या बोटीतून बेटावर जायचे आहे. गुरुजींना दहा वर्षांपासून मधुमेह. बाईंची तक्रार वेगळीच. "डॉक्टर, मला एस.टी.सुद्धा लागते, मग बोटीत माझं काय होणार?" हल्ली आपल्या भागातूनही बरेच लोक अशा सहलींना जातात, म्हणून हा विषय घेतला आहे.

कॅटामरान म्हणजे दोन अरुंद सांगाडे शेजारी-शेजारी ठेवून वर एकच रुंद फळी जोडलेली बोट. शब्द मूळचा तमिळ, 'कट्टुमरम्' म्हणजे बांधलेली लाकडे. कोकणातली उलांडीची होडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना या रुंदीचा फायदा सांगायला नको. ही बोट साध्या बोटीसारखी दोन्ही बाजूंना डुलत नाही. त्यामुळे 'हिच्यात बोट लागत नाही' असे तिकीट विकणारे छातीठोकपणे सांगतात. ते अर्धेच खरे आहे. समोरून लाटा आल्या की ही बोट पुढे-मागे झटके देते आणि ते झटके काही जणांना डुलण्यापेक्षाही जास्त त्रास देतात. आपल्या कानाच्या आतल्या भागात शरीराचा तोल सांभाळणारे इंद्रिय असते. ते मेंदूला 'हलतो आहोत' असे कळवते आणि डोळ्यांसमोरची केबिन मात्र स्थिर दिसते. या विसंगतीतून मळमळ सुरू होते.

म्हणून बोट कोणती यापेक्षा ती कुठे जाते, हे आधी विचारावे. मॉरिशसच्या बऱ्याचशा किनाऱ्याभोवती प्रवाळाची भिंत आहे. भिंतीच्या आतले पाणी उथळ व शांत, बाहेर उघडा हिंदी महासागर. वारे बहुतेक आग्नेयेकडून येतात आणि जून ते सप्टेंबर ते जोरात असतात. त्या काळात पूर्व किनारा खवळलेला व पश्चिम किनारा त्या मानाने आडोशाला असतो. उत्तरेकडे ग्रां बे येथून गॅब्रिएल बेटाकडे जाणाऱ्या बोटी भिंतीबाहेर पडतात. पश्चिमेला ब्लॅक रिव्हरजवळून बेनिटिए बेटाकडे जाताना बराचसा प्रवास आतल्या पाण्यातून होतो. डिसेंबरात वारा कमी असला तरी नोव्हेंबर ते एप्रिल हे तिथले चक्रीवादळाचे दिवस. हवामानामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात का, हेही विचारून ठेवावे. नाहीतर पैसे बुडतील म्हणून माणसे नको त्या दिवशी समुद्रात उतरतात.

हे सगळे मी शिकलो ते २०१७च्या ऑगस्टमध्ये, आणि तेही चुकून. मी, माझी अक्का व दाजी उत्तरेकडच्या बेटावर निघालो. दाजी तेव्हा सहासष्ट वर्षांचे होते आणि मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी घेत. पोट हलके असू द्या, असे मीच त्यांना सांगितले. त्यांनी गोळी घेतली आणि चहाबरोबर पावाचा एक तुकडा खाल्ला. भिंत ओलांडताच बोट उसळू लागली व दाजींना उलट्या झाल्या. मग घाम, थरथर, चेहरा पांढराफटक. सगळे म्हणाले, बोट लागली. मीही तसेच म्हणालो आणि त्यांना आडवे केले. वीसेक मिनिटांनी त्यांनी अक्काला विचारले, "कराड आलं का?" तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही बोट लागलेली नव्हती, रक्तातली साखर उतरली होती. ग्लुकोमीटर हॉटेलच्या खोलीत! बोटीवरच्या प्रथमोपचाराच्या डब्यात मलमपट्टीखेरीज काही नव्हते. साखरेचे शीतपेय घोट-घोट पाजले, पंधरा मिनिटांनी ते नीट बोलू लागले, मग बिस्किटे आणि पाव दिला. या गोळ्यांचा अंमल बराच वेळ टिकतो, त्यामुळे साखर पुन्हा उतरू शकते. बोटीवरचे जेवण एक वाजता होते. तोपर्यंत थांबलो असतो तर काय झाले असते, याचा विचार आजही नको वाटतो. अक्का अजून ते मला ऐकवते.

तेव्हा मधुमेह्यांनी उपाशी बोटीत बसू नये. जेवण किती वाजता मिळते ते आधी विचारावे, त्या दिवशीच्या गोळीचे किंवा इन्सुलिनचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. ग्लुकोजची पुडी व ग्लुकोमीटर अंगाशी असावे. घाम व थरथर असेल, बोलणे असंबद्ध होत असेल, तर बोट लागली असे समजून स्वस्थ बसू नये. रुग्ण शुद्धीवर असेल व गिळू शकत असेल तर लगेच साखर द्यावी. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काही घालू नये.

बोट लागू नये म्हणून मध्यभागी किंवा मागच्या बाजूला, उघड्या हवेत बसावे व दूर क्षितिजाकडे पाहावे. मोबाइल खिशात. पुढच्या जाळीवर पहुडण्याचा मोह सर्वांनाच होतो, पण झटके तिथेच सर्वांत जास्त बसतात आणि डोक्यावर सावलीही नसते. प्रोमेथाझिनची गोळी निघण्यापूर्वी एक-दोन तास आधी घ्यावी, उलट्या सुरू झाल्यावर तिचा उपयोग थोडा. तिने झोप येते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटची वाढ असलेल्यांनी ती विचारल्याशिवाय घेऊ नये, दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये. तिच्यासोबत मद्य तर मुळीच नको. या बोटींवर रम बहुधा तिकिटातच येते, आणि ती पिऊन पाण्यात उतरणारे मी पाहिले आहेत.

समुद्रावरच्या वाऱ्यात ऊन जाणवत नाही, संध्याकाळी मात्र पाठ सोलून निघते. डॉक्सिसायक्लिन किंवा रक्तदाबाच्या काही लघवीच्या गोळ्या घेणाऱ्यांची कातडी अधिक लवकर भाजते. पूर्ण बाह्यांचा सदरा हे उत्तम औषध. पायांत रबरी बूट हवेत, कारण उथळ पाण्यात समुद्री साळू व दगडासारखा दिसणारा विषारी दगडमासा असतो. काटा लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवून दवाखाना गाठावा.

तिकीट काढताना प्रवासी किती, लाइफ जॅकेट तितकी आहेत का, मुलांच्या मापाची आहेत का, सावली व संडास आहे का, हे विचारायला संकोचू नये. बोटीला तिथल्या पर्यटन प्राधिकरणाचा परवाना लागतो, तो पाहावा. गुडघे दुखणाऱ्यांनी चढायला धक्का आहे की पाण्यातून शिडी, हे आवर्जून विचारावे.

तीन दिवसांनी आम्ही पश्चिमेच्या बोटीत बसलो. दाजी पोटभर खाऊन आले होते. बोटीवरचा मदतनीस कास्कावेलचा. एकोणिसाव्या शतकात कोकणातून ऊसमळ्यांवर गेलेल्यांपैकी कुणाचा तरी वंशज असावा. आमचे बोलणे ऐकून त्याने "बसा, मावशी" म्हणत अक्काला हात दिला. अक्काने त्याला लाइफ जॅकेट किती आहेत ते मोजायला लावले.

बाईंना मी एखाद्या रविवारी घरीच ती गोळी घेऊन पाहायला सांगितले आहे, किती झोप येते ते कळेल. गुरुजींनी ग्लुकोजच्या दोन पुड्या जाता जाताच घेतल्या.