बंद डबा पाणी कसं पितो?

पनवेल स्टेशनातून सीएसएमटीकडे जाणारी लोकल पकडा. मोबाइलवर अक्षांश-रेखांश दाखवणारं एखादं अ‍ॅप उघडा आणि आकड्यांवर नजर ठेवा. पनवेलला दिसतील १८ अंश ५९ मिनिटं आणि वर काहीतरी. गाडी सुटली की आकडा सरकायला लागतो आणि खारघर यायच्या आत १९ अंश पूर्ण होतात! रुळांवर रेघ नाही, बाहेर पाटी नाही. शेजारचे काका पेंगतच असतात, आणि तुम्ही मात्र पृथ्वीवरचं एकोणिसावं अक्षवृत्त ओलांडून मोकळे.

हे आकडे फोनला कळतात कसे? सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह फिरत असतात. प्रत्येक जण सारखा सांगत असतो, ‘मी इथे आहे आणि आत्ता इतके वाजलेत.’ हा निरोप फोनपर्यंत यायला सेकंदाचे जेमतेम सात शतांश लागतात. कुठला निरोप किती उशिरा आला यावरून फोन प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो आणि स्वतःची जागा ठरवतो. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतर ३०० मीटरनी चुकतं! गंमत म्हणजे उपग्रहांना तुमच्याबद्दल काहीच ठाऊक नसतं. ते नुसते बोलतात, ऐकण्याचं आणि गणिताचं काम तुमचा फोन करतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे याच आकड्यांवर एक झकास खेळ चालतो. त्याचं नाव जिओकॅशिंग. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश खेळाच्या संकेतस्थळावर टाकतो. बाकीच्यांनी तो शोधायचा, आतल्या वहीत नाव आणि तारीख लिहायची आणि डबा होता तस्साच परत ठेवायचा. असे तीसेक लाख डबे आज जगभर लपलेले आहेत.

खेळाचा जन्म अगदी नेमका सांगता येतो. पूर्वी अमेरिका जीपीएसच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळायची. तिचं लष्कर सोडून इतरांना १०० मीटरपर्यंतचा गोंधळ सोसावा लागे. १ मे २०००ला, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र दिन होता तेव्हा, ही भेसळ बंद करत असल्याची घोषणा झाली. दोनच दिवसांनी, ३ मे रोजी, डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगॉन राज्यातल्या जंगलात एक काळी बादली ठेवली. आत पुस्तकं, थोडे पैसे, एक बेचकी आणि घेवड्याच्या उसळीचा बंद डबा असा माल होता. जागेचे आकडे त्यांनी इंटरनेटवर टाकले आणि तीन दिवसांत ती बादली दोघांना सापडलीसुद्धा. मात्र नवे डबे तपासणारे आजचे परीक्षक असते, तर त्यांनी ही बादली नापासच केली असती. एक तर ती अर्धी जमिनीत पुरलेली होती आणि दुसरं म्हणजे आत खाऊ होता. आता या दोन्ही गोष्टींना मनाई आहे. खाऊचा वास मुंग्यांना, उंदरांना, माकडांना तुमच्याआधी लागतो.

आता शोधायचं कसं ते पाहू. समजा, आकडा आहे उत्तर १८ अंश ५९.४०० मिनिटं. एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे १.८५ किलोमीटर, आणि दशांशचिन्हानंतरचं तिसरं घर म्हणजे १.८५ मीटर. आकडा इतका बारीक असला, तरी साधा फोन उघड्या आभाळाखालीही पाचेक मीटर चुकतो. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये त्याहून जास्त, कारण संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेनं येतात. म्हणून जवळ पोचलात की फोन खिशात टाका आणि डोळे वापरा. तीन दगड जरा जास्तच नीट रचलेत का? खोडाच्या ढोलीत पानं मुद्दाम कोंबल्यासारखी दिसतात का? पण हात घालू नका हं! आधी काठीनं चाचपा. आपल्या कोकणात दगडाखाली फुरसं असू शकतं, आणि त्याला या खेळाचे नियम माहीत नसतात.

सामान फारसं लागत नाही. चार्ज केलेला फोन, काठी, बूट, पाणी, टॉर्च आणि पेन्सिल. पेन नको, पेन्सिलच. बऱ्याच पेनांची शाई पाण्यानं पसरते आणि ओल लागली की नावाचा निळा डाग उरतो. पेन्सिलीचं ग्राफाइट म्हणजे कार्बन. तो पाण्यात विरघळतच नाही.

डब्यात छोट्या वस्तूही असतात, गोटी, बिल्ला, कीचेन असं काहीबाही. एखादी आवडली तर घ्या, पण तितक्याच किंवा जास्त मोलाची वस्तू आत ठेवा. छान गाडी उचलून चॉकलेटचा कागद ठेवणारे महाभाग जगात सगळीकडे आहेत. तुम्ही त्यांच्यात जाऊ नका.

खरी मजा मला वाटते ती डबा सांभाळण्यात. आणि पनवेलमध्ये हे काम भलतंच अवघड आहे. इथे वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. सगळं पाणी जागेवरच राहिलं असतं, तर तळमजला बुडाला असता! तुम्ही म्हणाल, झाकण घट्ट लावलं की झालं. नाही ना होत! वळवाचा पाऊस आठवा. दुपारभर तापून डब्यातली हवा ४० अंशांवर गेली आणि अचानक सर येऊन डबा २५ अंशांपर्यंत गार झाला. गार हवा आक्रसते. एवढ्या फरकानं ती सुमारे पाच टक्के आक्रसते, म्हणजे एक लिटरच्या डब्यात ५० मिलिलिटर, जवळजवळ एक कटिंग चहाएवढी जागा रिकामी होऊ पाहते. डबा कडक असेल तर तो चेपत नाही. मग आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आत घुसायला बघते. तेवढ्यात झाकणाच्या कडेला पाणी साचलेलं असलं, तर हवेऐवजी पाणीच आत ओढलं जातं. म्हणजे डबा खरोखरच पाणी पितो!

खोटं वाटत असेल तर घरी करून बघा. प्लास्टिकच्या रिकाम्या बाटलीत मोठ्या माणसाकडून गरम पाणी घालून घ्या (उकळतं नको). बाटली हलवा, पाणी ओता, लगेच झाकण घट्ट लावा आणि बाटली गार पाण्यात धरा. बाटली मऊ असते, त्यामुळे ती स्वतःच आत चेपते. डब्याला ते जमत नाही, म्हणून तो पाणी ओढतो.

यावर उपाय आहेत. झाकणाला रबरी कडी असलेला, चारी बाजूंनी खटके असलेला डबा घ्यायचा. ती कडी दर वेळी पुसायची, कारण वाळूचा एक कण अडकला तरी फट राहते. डबा ठेवताना झाकण खाली किंवा बाजूला येईल असं बघायचं, म्हणजे त्यावर पाणी साचत नाही. वही वेगळ्या झिपच्या पिशवीत घालायची. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलची पुडी मिळते, ती आत टाकायची. तिच्यातल्या खड्यांना असंख्य बारीक छिद्रं असतात आणि हवेतली वाफ तिथे चिकटून बसते. (ती खायची नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच, पण धाकट्या भावाला सांगा.)

डब्याचा मालक लपवून मोकळा होत नाही. वही भरली की नवी ठेवायची आणि डबा फुटला की बदलायचा. ‘वही भिजलीय’ असं कुणी कळवलं, की स्वतः जाऊन बघायचं. म्हणून सुट्टीत मामाच्या गावाला जाऊन तिथे डबा ठेवून येणं या खेळात बसत नाही. वही सुकवायला कोण जाणार, मामा?

आता पनवेलमध्ये डबा कुठे ठेवायचा नाही, ते नीट ऐका. स्टेशनवर ‘बेवारस वस्तूला हात लावू नका’ अशी सूचना तुम्ही ऐकली असेल. स्टेशन, एसटी स्टँड, पूल, धरण, विमानतळ, शाळा अशा जागी लपवलेला डबा म्हणजे पोलीस, बॉम्बशोधक पथक आणि कुत्रं यांना बोलावणं. कुणाच्या वाडीत किंवा सोसायटीत ठेवायचा, तर मालकाला विचारल्याशिवाय नाही. आणि कर्नाळा? ते पक्षी अभयारण्य आहे, तिथे काहीही ठेवून यायचं नाही. वर किल्ल्याच्या सुळक्यावर मधमाश्यांची मोठमोठी पोळी लटकलेली असतात. त्यांनीही तुम्हाला बोलावलेलं नाही.

अशा जागांसाठी बिनडब्याचा खेळ असतो. जागेवर जायचं, काहीतरी वाचायचं किंवा बघायचं आणि त्यातून उत्तर काढायचं. एक कोडं देतो. पनवेलजवळ शिरढोण हे आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचं जन्मगाव. त्यांचं जन्मसाल १८४५. या सालातले चार अंक मिळवा. जी बेरीज येईल, तितकेच अंश तुम्हाला पनवेल स्टेशनवर फोनमध्ये दिसतात! मिनिटांचं कोडं तुम्ही रचा. वडाळे तळ्याच्या काठावरची झाडं मोजा, नाट्यगृहाच्या पायऱ्या मोजा, काहीही चालेल.

हा खेळ मंगळापर्यंत गेलाय बरं का! २०२१मध्ये तिथे उतरलेल्या पर्सिव्हरन्स गाडीवर या खेळाचा एक कोड आहे. पण तुमचा पहिला डबा जरा जवळच ठेवा. पारदर्शक घ्या, आत ‘हा खेळाचा डबा आहे’ अशी चिठ्ठी घाला, जूनच्या आधी रबरी कडी तपासा. आणि सोसायटीत ठेवणार असाल, तर सेक्रेटरींची परवानगी घ्या आणि वॉचमनकाकांना आधी सांगून ठेवा. नाहीतर पहिल्याच सकाळी डबा घंटागाडीत जाईल.