पडदा वाचायला शिकवूया : टीव्हीवरची चर्चा आणि संगणकाचा डेस्कटॉप



दोन वाक्यं आपल्या सगळ्यांच्या कानावर नेहमी पडतात. पहिलं, "टीव्हीवर आता बातम्या राहिल्याच नाहीत, नुसता आरडाओरडा असतो." आणि दुसरं शाळेच्या ऑफिसात किंवा सायबर कॅफेत, "जुनंच विंडोज बरं होतं हो, यात काही सापडतच नाही." एक तक्रार राजकारणाची, दुसरी संगणकाची, म्हणून आपण त्या वेगवेगळ्या धरतो. पण नीट बघितलं तर दोन्हींचं मूळ एकच आहे. पडद्यावर काय मोठं दिसावं, काय कोपऱ्यात जावं आणि काय दिसूच नये, हे आपल्या आधी दुसऱ्या कोणीतरी ठरवलेलं असतं. ही मांडणी ओळखायला मुलांना कसं शिकवायचं, हा आजच्या लेखाचा विषय आहे.

चिन्ह म्हणजे काय? सुरुवात विक्रोळीपासून

१९५१-५२ साली देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. तेव्हा शंभरातल्या जेमतेम अठरा लोकांना लिहिता-वाचता येत होतं. मग मतदाराने उमेदवार ओळखायचा कसा? त्यासाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी मतपेटी ठेवली आणि पेटीवर त्याचं चिन्ह लावलं. मतपत्रिका आपल्या पसंतीच्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, झालं मतदान. या निवडणुकीसाठी १२ लाखांहून जास्त लोखंडी पेट्या आपल्या विक्रोळीतच, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. मुलांना हे जरूर सांगा. रोज ज्या कंपाउंडच्या भिंतीजवळून ती जातात, तिथली ही गोष्ट आहे.

संगणकावरचे आयकॉनही याच विचारातून आले. आधी संगणकाला प्रत्येक आज्ञा टाईप करून द्यावी लागायची. १९७३ साली अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 'आल्टो' नावाचा संगणक तयार झाला. त्याला माऊस होता आणि पडद्यावर खिडक्या उघडत होत्या. १९८१ मध्ये त्याच कंपनीचा 'स्टार' संगणक आला. त्यात पडद्याला ऑफिसातल्या टेबलाचं रूप दिलं होतं. टेबलावर कागद, फाईल, फोल्डर. 'डेस्कटॉप' म्हणजे टेबलाचा वरचा भागच.

१९८४ च्या ॲपल मॅकिन्टॉशसाठी सुझन केअर या चित्रकर्तीने छोटी छोटी चिन्हं काढली. ती त्यांनी आधी चौकटीच्या वहीवर काढून बघितली. ३२ आडव्या आणि ३२ उभ्या, म्हणजे एकूण १०२४ चौकटी. त्यातली कुठली रंगवायची आणि कुठली कोरी ठेवायची, एवढाच काय तो खेळ. आपल्या मुलांच्या दप्तरात गणिताची तीच वही असते.

मांडणी बदलली की आपण का चिडतो?

१९९५ च्या विंडोजमध्ये डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' बटण आलं. लाखो लोकांच्या हाताला ती जागा पाठ झाली. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये ते बटण काढून टाकलं आणि जगभरातून ओरड झाली. पुढच्या वर्षी बटण परत आणावं लागलं, आणि २०१५ च्या विंडोज १० मध्ये पूर्ण मेनूही परत आला. २०२१ मध्ये विंडोज ११ ने बटण मध्यभागी नेलं. पण सेटिंगमध्ये जाऊन ते पुन्हा डावीकडे आणता येतं. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं, त्यामुळे ते रोज कुरकुरत काम करतात.

मुलांना यातून एकच गोष्ट समजली तरी पुष्कळ आहे. समोर दिसणारी मांडणी कोणीतरी केलेली आहे, त्यामुळे ती बदलताही येते.

आता टीव्हीचा पडदा बघा

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. त्या काळात स्मिता पाटील मराठी बातम्या वाचत. पुढे प्रदीप भिडे यांचा आवाज घराघरात पोचला. पडद्यावर एक माणूस, एक आवाज. ती मांडणीही कोणीतरी ठरवलेलीच होती. सरकारी वाहिनी असल्यामुळे काय सांगायचं नाही, हेही ठरलेलं असायचं. म्हणजे तेव्हा सगळं उत्तम होतं असं मुळीच नाही.

२००७ च्या सुमारास मराठीत चोवीस तास बातम्यांच्या वाहिन्या सुरू झाल्या. आता संध्याकाळी टीव्ही लावला तर काय दिसतं? सहा-आठ चौकटींत सहा-आठ चेहरे. वर लाल पट्टी, खाली प्रश्नचिन्ह लावलेला ठळक मथळा, त्याच्याही खाली सरकत्या ओळी.

असं का होतं? पहिलं कारण पैशाचं. गडचिरोलीला किंवा लातूरला वार्ताहर आणि कॅमेरा पाठवायला खर्च येतो, वेळ जातो. पाहुण्यांना व्हिडिओ कॉलवर जोडणं त्या मानाने स्वस्त पडतं. दुसरं कारण टीआरपी. बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून कोणती वाहिनी किती वेळ बघितली जाते ते मोजते आणि त्यावर जाहिराती अवलंबून असतात. आकडे फुगवल्याच्या आरोपांनंतर ऑक्टोबर २०२० मध्ये बातम्यांच्या वाहिन्यांचे आकडे थांबवले होते, ते मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. या मीटरला आपण किती वेळ थांबलो एवढंच कळतं. समजून घ्यायला थांबलो की भांडण बघायला, ते त्याला कळत नाही.

चौथीच्या गणिताने चर्चा मोजूया

नियमाप्रमाणे एका तासात १२ मिनिटांपेक्षा जास्त जाहिराती दाखवता येत नाहीत. म्हणजे अर्ध्या तासात ६ मिनिटं. उरली २४. समजा, त्यातली ८ मिनिटं निवेदक बोलला. उरली १६. पाहुणे ८. प्रत्येकाच्या वाट्याला २ मिनिटं! आरक्षण, शेतमालाचा भाव, शाळेतल्या भाषा असे विषय दोन मिनिटांत कोण समजावून सांगणार? मग जो मध्येच घुसतो आणि मोठ्याने बोलतो, त्याचंच ऐकू येतं. तिथे शांत माणूस बसवला तरी त्यालाही ओरडावंच लागेल. हे उदाहरण मुलांकडून फळ्यावर सोडवून घ्या. उत्तर आलं की ती आपणहून म्हणतात, "दोनच मिनिटं?"

हे प्राथमिक शाळेत कशाला?

कारण मुलं ते बघतातच. २२५ चौरस फुटांच्या घरात टीव्ही असतो तिथेच चूल असते, तिथेच अभ्यास असतो आणि तिथेच झोपायचं असतं. पालकांनी मुलांसमोर चर्चा लावू नये, असा सल्ला देणं सोपं आहे, पण तो प्रत्येक घराला जमणारा नाही. आणि मुलं विषय विसरली तरी पद्धत उचलतात. समोरच्याचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचं नाही, प्रश्नाला उलट प्रश्न विचारायचा, आवाज चढला की आपण जिंकलो. गटचर्चा घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला हे ओळखीचं वाटेल.

वर्गात आणि घरी करता येतील असे चार उपक्रम

१. शंभर चौकटी : वहीत १० × १० चा चौरस आखा. चर्चेचा पडदा आठवून त्यात काढा. चेहऱ्यांना किती चौकटी, मथळ्यांना किती, जाहिरातीला किती आणि घटनेच्या प्रत्यक्ष चित्राला किती? शेकडेवारी आपोआप निघते.

२. आवाज बंद : घरी दोन मिनिटं आवाज बंद करून चर्चा बघा. काय समजलं? कोण रागावलेलं वाटलं? मग आवाज सुरू करून पडताळा घ्या.

३. प्रश्न-उत्तर तक्ता : डावीकडे विचारलेला प्रश्न लिहा, उजवीकडे उत्तर मिळालं की नाही तेवढंच लिहा. कोण बरोबर, कोण चूक हे ठरवायचं नाही.

४. माझा डेस्कटॉप : संगणक कक्षात प्रत्येक गटाने डेस्कटॉपची मांडणी बदलायची. काय समोर ठेवलं, काय आत टाकलं आणि का, हे वर्गाला सांगायचं. फोल्डरला मराठीत नावं द्यायची. संगणक नसेल तर जुन्या वर्तमानपत्राच्या पहिल्या पानाची कात्रणं नव्याने मांडायला द्या.

एक पथ्य मात्र पाळायला हवं. पक्षाचं, नेत्याचं किंवा वाहिनीचं नाव शिक्षकाने घ्यायचं नाही. मुलाने घेतलं तर "पडद्यावर काय दिसलं ते सांग" एवढंच म्हणायचं. घराघरात मतं वेगळी असणार आणि मुलाला घरच्या मताची लाज वाटेल असं वर्गात काही होता कामा नये.

पालकांना एक विनंती. चर्चा बघताना मुलाने "हे सगळे एकदम का बोलतात?" असं विचारलं तर "तुला काय कळतंय त्यातलं" म्हणू नका. वही आणायला सांगा आणि दोघं मिळून मिनिटं मोजा. संगणकाचं बटण आपल्याला डावीकडे आणता येतं, टीव्हीच्या चौकटी आपल्याला हलवता येत नाहीत. पण तिथे किती वेळ थांबायचं, हे रिमोट हातात असणाऱ्या माणसाने ठरवायचं असतं, आणि ते तो कसं ठरवतो हे शेजारी बसलेलं मूल बघत असतं.

हे उपक्रम तुमच्या वर्गात करून बघितलेत तर मुलांनी काय मोजलं ते जरूर कळवा.