कूलरची तहान आणि विजेचा धक्का

एप्रिल उजाडला की गोंदिया जिल्ह्यातल्या घराघरांत माळ्यावरचा कूलर खाली उतरतो. गंज खरवडून टाकीला रंगाचा हात दिला जातो, जुन्या ताट्या काढून वाळ्याच्या किंवा लाकडाच्या किसाच्या नव्या ताट्या बसवल्या जातात आणि यंत्र खिडकीशी लोखंडी स्टँडवर चढते. नवतपा सुरू होईपर्यंत पारा ४४-४५ अंशांवर गेलेला असतो. तेव्हा कूलर ही चैन राहत नाही. घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर ती गरजच असते.

याच दिवसांत विदर्भातल्या वर्तमानपत्रांत दुसरी एक बातमीही दरवर्षी येते. कूलरमध्ये पाणी भरताना, किंवा कूलरला नुसता हात लागून, कुणीतरी दगावलेले असते. वीज कंपनी दर उन्हाळ्यात सावधगिरीच्या सूचना काढते, तरी बातम्या थांबत नाहीत. पंखा, इस्त्री, दूरचित्रवाणी संच हीही विजेवरच चालतात. मग बदनाम कूलरच का? याचे उत्तर त्याच्या थंडाव्याच्या तत्त्वातच दडलेले आहे असे आम्हांला वाटते. म्हणून आधी ते तत्त्व पाहू या.

कूलर उष्णता नाहीशी करत नाही, ती हवेतून काढून पाण्याला देतो. एक किलोग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४३० किलोज्यूल उष्णता लागते. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. ओल्या ताटीतून बाहेरची कोरडी हवा खेचली गेली की पाण्याची वाफ होते आणि त्यासाठी लागणारी उष्णता हवेतूनच घेतली जाते. माठातले पाणी थंड होते तेही याच कारणाने.

ही हवा किती थंड होऊ शकेल हे साध्या प्रयोगाने कळते. तापमापकाच्या फुग्याभोवती ओली मलमल गुंडाळून तो पंख्याच्या वाऱ्यात धरा. पारा जिथे स्थिरावेल ते आर्द्र फुग्याचे तापमान, आणि कूलरला त्याखाली जाता येत नाही. मे महिन्यातल्या दुपारी हवा ४४ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता १५ टक्के असेल, तर हे तापमान २३ अंशांच्या आसपास भरते. म्हणजे २१ अंशांचा वाव आहे. ताट्या चांगल्या असल्या की त्यातला चार पंचमांश वाटा पदरात पडतो आणि खोलीत २७-२८ अंशांची हवा येते.

जूनमध्ये पाऊस तोंडावर आला, हवा ३६ अंशांची आणि आर्द्रता ६० टक्के झाली, की आर्द्र फुग्याचे तापमान २९ अंशांवर चढते. आता वाव फक्त सात अंशांचा उरतो आणि हवेचा चिकटपणा मात्र वाढतो. ‘कूलर बिघडला’ ही जूनमधली तक्रार बहुतेक वेळा हवामानाबद्दलची असते. उन्हाळाभर खिडकी-दारे घट्ट लावून कूलर चालवणाऱ्यांची गतही अशीच होते. ओलसर हवा बाहेर पडायला वाट नसेल तर खोलीतच जून अवतरतो.

यंत्र पाणी किती पिते?

समजा, एका मध्यम कूलरमधून तासाला २००० घनमीटर हवा जाते. उन्हाळ्यातल्या एक घनमीटर हवेचे वस्तुमान सुमारे १.१ किलोग्रॅम धरले, तर ही हवा झाली २२०० किलोग्रॅम. एक किलोग्रॅम हवा एक अंशाने थंड करायला एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. सतरा अंशांसाठी एकूण ३७,४०० किलोज्यूल. याला २४३० ने भागा. उत्तर येते तासाला सुमारे १५ लिटर पाणी. साठ लिटरची टाकी चार तासांत कोरडी!

हीच उष्णता विजेच्या युनिटांत मांडली तर ती दहा युनिटांहून थोडी अधिक होते. पंखा आणि पंप मिळून वीज खातात ती जेमतेम १५० ते २०० वॅट, म्हणजे तासाला पाव युनिटाच्या आत. इतक्या थोड्या विजेत एवढे मोठे काम होते ते पाण्याच्या जिवावर.

इथे कूलरच्या एका श्रीमंत भावंडाची ओळख करून द्यायला हवी. ते म्हणजे उष्णता-पंप. इमारती गरम किंवा थंड करण्यासाठी अशी युक्ती वापरता येईल ही कल्पना केल्विन यांनी १८५२ मध्येच मांडली होती. झुरिचच्या नगरभवनात १९३८ मध्ये नदीच्या पाण्यातून उष्णता उपसणारा पंप बसवला गेला. आज मोठ्या शहरांत पोहण्याच्या तलावांनाही असे पंप जोडतात. यातही द्रवाची वाफ होऊन उष्णता शोषली जाते, पण तो द्रव बंद नळीत फिरतो. बाहेरच्या हवेतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते, दाबयंत्र ती वाफ दाबून आणखी तापवते आणि पुन्हा द्रव होताना ती आपली उष्णता तलावाच्या पाण्याला देते. २५ मीटर लांब, १० मीटर रुंद आणि सरासरी १.४ मीटर खोल तलावाचे पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४०७ युनिट उष्णता लागते. साध्या हीटरने तेवढीच वीज जाईल. उष्णता-पंप एका युनिट विजेत पाच युनिट उष्णता पोहोचवत असेल तर ८०-८२ युनिटांत काम भागते. तलावावर रात्री आच्छादन घालायला मात्र विसरता कामा नये. उघडा तलाव हा एक भला मोठा कूलरच असतो आणि वाफ होणारे प्रत्येक लिटर पाणी पाऊण युनिटाला थोडी कमी एवढी उष्णता घेऊन जाते.

उष्णता-पंपातला द्रव बंद नळीत असल्यामुळे तो रोज भरावा लागत नाही. कूलरचे पाणी मात्र हवेत निघून जाते. भर दुपारी दर तीन-चार तासांनी कुणीतरी बादली किंवा रबरी नळी घेऊन त्याच्याकडे जाते. बहुधा अनवाणी, सांडलेल्या पाण्यात उभे राहून, चालू यंत्राच्या पत्र्याला ओला हात टेकवून. इस्त्रीशी किंवा पंख्याशी आपला असा संबंध कधी येत नाही.

फ्यूज का उडत नाही?

कूलरमध्ये वीज पत्र्यापर्यंत पोहोचायला वाटा पुष्कळ आहेत. पाण्यात बुडालेल्या छोट्या पंपाच्या वेटोळ्यावरचे आवरण झिजते. पाण्याची वाफ होते पण क्षार मागेच राहतात, त्यामुळे टाकीतले पाणी दिवसेंदिवस अधिक खारट आणि अधिक वाहक होत जाते. गंजलेल्या पत्र्याच्या धारेवर वायर घासते. चिकटपट्टी गुंडाळून केलेला जोड शिंतोड्यांनी भिजतो. यांतले काहीही घडले की पत्र्यावर २३० व्होल्टचा दाब येतो. कूलर पूर्वीसारखाच चालू राहतो आणि बाहेरून काही कळत नाही.

माणसाची कोरडी कातडी बराच रोध करते. ओल्या हातापायांनी शरीराचा रोध साधारण १००० ओहमपर्यंत उतरतो. २३० ला १००० ने भागले की धारा येते ०.२३ अँपिअर, म्हणजे २३० मिलिअँपिअर. सुमारे १० मिलिअँपिअरला स्नायू आखडून हात सुटेनासा होतो. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर धारा छातीतून गेली तर हृदयाचे ठोके विस्कटून ते थांबू शकते. आता घरातला फ्यूज पाहा. तो ५ किंवा १५ अँपिअरचा असतो. ०.२३ अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नाही. फ्यूज किंवा एमसीबी तारांना आगीपासून वाचवण्यासाठी असते, माणसासाठी नव्हे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांना हा भागाकार करून दाखवावा.

मग अर्थिंग कशासाठी? पत्रा जाड तारेने जमिनीशी जोडलेला असेल तर बिघाड होताच त्या वाटेने मोठी धारा वाहावी आणि फ्यूज उडावा, ही अपेक्षा. खड्ड्याचा रोध २ ओहम असेल (रोहित्राकडचा रोध तूर्त सोडून देऊ) तर ११५ अँपिअर वाहतील आणि फ्यूज तत्काळ उडेल. पण तो रोध ४० ओहम असेल तर? धारा फक्त ५.७५ अँपिअर. पंधरा अँपिअरचा फ्यूज शांत राहील आणि पत्र्यावरचा दाब जवळपास तसाच राहील. घरात अर्थिंग आहे, तरीही धक्का बसतो, तो असा.

जमिनीचा रोध ओलाव्यावर ठरतो. पावसाळ्यात चिखल असलेली माती मेमध्ये भेगाळलेली असते आणि मुरमाड जागेत तर अर्थिंगच्या खड्ड्यातला कोळसा-मिठाचा थरही ठणठणीत कोरडा पडतो. म्हणजे कूलर जेव्हा अहोरात्र चालतो नेमके तेव्हाच अर्थिंग वर्षभरातले सर्वांत दुबळे असते. खड्ड्यात रोज बादलीभर पाणी ओतावे हा जुन्या तारतंत्र्यांचा सल्ला म्हणूनच शास्त्रशुद्ध आहे. कूलरमधून सांडणारे पाणी नळीने त्या खड्ड्यात सोडले तर आणखी बरे.

तरीही केवळ अर्थिंगवर भिस्त ठेवू नये. माणसासाठी खास बनवलेले साधन वेगळे आहे. दुकानात ते ईएलसीबी किंवा आरसीसीबी या नावांनी मिळते. त्याची युक्ती सोपी आहे. फेजमधून जितकी धारा गेली तितकीच न्यूट्रलमधून परत यायला हवी. दोन्ही तारा एका चुंबकीय कड्यातून नेल्या की दोघींचे परिणाम एकमेकांना छेदतात. काही धारा शरीरातून जमिनीत वळली की तोल ढळतो आणि फरक ३० मिलिअँपिअर होण्याच्या आतबाहेरच सेकंदाच्या छोट्या अंशात वीज तुटते. अर्थिंगचा रोध ४० ओहम असला तरी हे साधन काम करते, कारण ५.७५ अँपिअर त्याच्या दृष्टीने फार मोठी गळती आहे. घेताना ३० मिलिअँपिअरचेच घ्यावे आणि त्यावरचे चाचणीचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे. एकच मर्यादा सांगायला हवी. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरले, तर हे साधन तुम्हांला दिवा समजेल आणि गप्प राहील.

तलावाच्या उष्णता-पंपालाही हेच नियम लागू आहेत. यंत्र पाण्यापासून दूर, उघड्या हवेत, पक्क्या चौथऱ्यावर बसवायचे, त्याला स्वतंत्र वीजवाहिनी, खात्रीचे अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक द्यायचे. बंदिस्त खोलीत कोंडले तर ते स्वतःच सोडलेली थंड हवा पुन्हा ओढत बसते आणि वीज वाया जाते.

आता पाणी भरण्याविषयी. नुसते बटण बंद करून भागत नाही. साधे बटण एकच तार तोडते आणि वायरिंग उलटे झाले असेल तर ती न्यूट्रल असते. मग पंखा थांबतो, पण मोटारीत वीज असतेच. म्हणून प्लग उपसून बाहेर काढायचा, मगच जवळ जायचे. वीज गेलेली असतानाही हाच क्रम, कारण ती भरता भरता परत येते. प्लग तीन पिनांचाच हवा. सॉकेटात बसत नाही म्हणून मोठी पिन कापून टाकण्याची पद्धत सर्रास दिसते आणि एक्स्टेन्शन बोर्डात तर तिसरी तार अनेकदा जोडलेलीच नसते. कूलरचा स्टँड खिडकीच्या गजांना टेकू देऊ नये. नाहीतर गज आणि गजाला बांधलेली कपड्यांची तारही त्याच दाबावर येते. प्लॅस्टिकच्या कूलरने धोका कमी होतो, संपत नाही. पंप बिघडला तर टाकीतले पाणीच वीजवाहक होते.

कुणाला धक्का बसून चिकटलाच, तर त्याला हात लावू नये. आधी मुख्य बटण बंद करावे किंवा कोरड्या लाकडाने त्याला दूर ढकलावे. श्वास आणि हालचाल थांबली असेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० या गतीने, पाचेक सेंटिमीटर खोल दाब देत राहावे आणि दुसऱ्या कुणाला तरी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवायला सांगावे.

टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करावी. क्षार जातात आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासांची अळीही प्रौढ होण्याआधी मरते.

वर्गात करण्याजोगे

दोन साधे सेल, टॉर्चचा दिवा आणि दोन तारा यांचा एक परीक्षक विद्यार्थ्यांकडून बनवून घ्या. कूलरचा प्लग सॉकेटातून काढून हातात घ्यायचा. परीक्षकाचे एक टोक मोठ्या जाड पिनेला आणि दुसरे रंग खरवडलेल्या पत्र्याला लावायचे. दिवा लागला तर पत्र्यापासून पिनेपर्यंतची तार शाबूत आहे. मग कूलरची बटणे चालू स्थितीत ठेवून बारीक पिना एकेक करून पत्र्याशी तपासायच्या. इथे दिवा लागता कामा नये. लागला तर कूलर थेट तारतंत्र्याकडे. नाही लागला म्हणून मात्र आवरण धडधाकट आहे असे ठरत नाही, कारण तीन व्होल्टना बारीक गळती दिसत नाही. त्यासाठी तारतंत्र्याकडचे ५०० व्होल्टचे मेगर लागते. भिंतीपलीकडच्या खड्ड्याची अवस्थाही या दिव्याला कळत नाही. तो रोध अर्थ-टेस्टरने, आणि मे महिन्यातच, मोजून घ्यावा.

मोठ्या मुलांना आणखी एक काम देता येईल. घरच्या कूलरच्या टाकीत मोजून पाणी भरायचे, तासाभराने किती उरले ते पाहायचे आणि त्याच वेळी बाहेरच्या हवेचे कोरड्या व ओल्या फुग्याचे तापमान आणि कूलरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचे तापमान नोंदवायचे. या आकड्यांवरून कूलरमधून तासाला किती हवा गेली हे उलट गणिताने काढता येते. नवेगावबांधच्या तलावाकाठचे गाव आणि देवरीकडचे एखादे डोंगराळ गाव यांच्या एकाच दुपारच्या नोंदी शेजारी मांडल्या तर तलावाची ओल आर्द्र फुग्याला जाणवते का, हेही तपासता येईल. तापमापक लावताना आणि पाणी मोजताना प्लग अर्थातच बाहेर.