लाकडांचा पोकळ ढीग : ऑस्ट्रेलियन सीमाकथेची सव्वाशे वर्षं

हेन्री लॉसनची ‘द ड्रोव्हर्स वाइफ’ ही कथा सिडनीच्या ‘बुलेटिन’ साप्ताहिकात जुलै १८९२मध्ये छापून आली. ऑस्ट्रेलियात गोऱ्या वस्तीच्या शेवटच्या टोकाला जगणाऱ्या माणसांच्या कथा वाचायला आजही इथूनच सुरुवात करावी लागते. पण जो इथेच थांबेल त्याला त्या भूमीची निम्मी माणसं भेटणारच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

कथेतला, दुष्काळात बुडालेला शेतमालक आता दुसऱ्यांची मेंढरं हाकत दूरदूर जातो. आपल्या धनगरासारखं बिऱ्हाड तो सोबत नेत नाही. बायको आणि चार मुलं मागे, दोन खोल्यांच्या घरात. जवळची वस्ती १९ मैलांवर. एका संध्याकाळी साप घराखाली शिरतो. मुलांना स्वयंपाकघरातल्या टेबलावर निजवून ती कुत्र्यासह रात्रभर जागते, आणि त्या जागरणात तिचं सारं आयुष्य उलगडतं : वणवा, पूर, मेलेलं मूल कुशीत घेऊन घोड्यावरून तोडलेले ते १९ मैल. लॉसन तिची कीव करत नाही, म्हणूनच ती इतकी खरी वाटते.

माझं मन अडतं ते लाकडांपाशी. एका आदिवासी माणसाने तिला लाकडं रचून दिलेली असतात. तिने खूश होऊन त्याला जास्तीची तंबाखू दिलेली असते. रात्री कळतं, ढीग आतून पोकळ आहे. तो माणूस आपल्या टोळीचा राजा आणि शेवटचा वारस असल्याचं लॉसन एका वाक्यात सांगतो. टोळी गेली कुठे, हे मात्र विचारत नाही. न्यू साउथ वेल्समध्येच, १८३८मध्ये, मायल क्रीकला किमान २८ आदिवासींची कत्तल झाली होती आणि त्यासाठी सात गोरे फासावर गेले होते. लॉसनच्या वाचकांपासून हा इतिहास फार लांबचा नव्हता.

बार्बरा बेंटनने लॉसनच्या शौर्यकथेला जवळजवळ लगेच उत्तर दिलं. तिची ‘द चोझन व्हेसल’ १८९६मध्ये ‘बुलेटिन’मध्ये ‘द ट्रॅम्प’ नावाने आली, तीही काटछाट होऊन. इथेही नवरा लांब गेलेला, बाई तान्ह्या मुलासह एकटी. पण दाराबाहेर साप नाही, पुरुष आहे. ती वाचत नाही. वाचवू शकणारा घोडेस्वार तिला मेरीमातेचं दर्शन समजून पुढे निघून जातो. १९०२च्या ‘बुश स्टडीज’ या संग्रहातली ‘स्क्वीकर्स मेट’ त्याहून भेदक. झाडाखाली कणा मोडलेल्या कष्टाळू बाईच्या डोळ्यांदेखत तिचा पुरुष दुसरी घरात आणतो. एकट्या बाईला खरी भीती कुणाची, हे बेंटनइतकं रोखठोक त्या काळात क्वचितच कुणी लिहिलं. माझ्या लेखी ती लॉसनपेक्षा मोठी कथाकार आहे.

पुढे लॉसनचं तेच शीर्षक घेऊन अनेकांनी लिहिलं. बार्बरा जेफरिसच्या १९८०च्या कथेत बायको स्वतः बोलू लागते. पण ती भूमी मुळात कुणाची, हा प्रश्न कथेबाहेरही होताच. गोरे येण्याआधी ती कुणाचीच नव्हती, या कायदेशीर कल्पनेला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने जून १९९२मध्ये, माबो खटल्यात, मूठमाती दिली. लॉसनच्या कथेला तेव्हा शंभर वर्षं पुरी होत होती.

आदिवासी लेखिका-अभिनेत्री लीआ पर्सेलने २०१६मध्ये त्या कथेचं नाटक केलं, पुढे कादंबरी आणि चित्रपटही. तिच्या नायिकेच्या अंगात आदिवासी रक्त आहे, आणि दारात आलेल्या आदिवासी माणसाला, याडाकाला, स्वतःचं नाव, भाषा, भूतकाळ आहे. ज्या नवऱ्याची वाट पाहिली जाते, त्याला तिनेच मारलेलं आहे. उत्तरार्धात घटनांची गर्दी होते, हे खरं; तरी लॉसनने एका वाक्यात मिटवलेला माणूस इथे पूर्ण उंचीने उभा राहतो, आणि ते मला फार मोलाचं वाटतं.

लघुकथेतही आता आदिवासी हात लिहिते झाले आहेत. एलेन व्हॅन नीर्व्हनचा ‘हीट अँड लाइट’ हा संग्रह २०१४मध्ये आला, टास्मानियाच्या ॲडम थॉम्पसनचा ‘बॉर्न इंटू धिस’ २०२१मध्ये. थॉम्पसनच्या कथांमध्ये जमिनीचा वाद आजचा आहे, आणि तो बेटांवर, जंगलात, रोजच्या नोकरीत चालूच आहे. ‘हनी’ या त्याच्या कथेत मधाचा धंदा करणारा गोरा मालक आपल्या आदिवासी कामगाराकडे मधासाठी त्याच्या भाषेतला शब्द मागतो, कारण त्या नावाने मध चांगला खपेल.