आईच्या साखरेचा हिशेब

दर वर्षी 10 मार्चला आपल्याकडे गरोदरपणीच्या मधुमेहाचा राष्ट्रीय जागृती दिन पाळतात. चेन्नईचे डॉ. वीरास्वामी शेषय्या यांचा हा जन्मदिवस. प्रत्येक गरोदर बाईची साखर तपासलीच पाहिजे हा आग्रह त्यांनी आयुष्यभर धरला, आणि 2022 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. यंदा या दिवसाची भित्तिपत्रकं दवाखान्यांत लागली त्याच आठवड्यात माझी भाची बाळंत होऊन घरी आली. सातव्या महिन्यापासून तिची शुगर वाढलेली होती. दंडावर सेन्सर, फोनवर सतत बदलणारा आकडा, जेवायच्या आधी भीती आणि जेवण झाल्यावर आणखी भीती. बाळ सुखरूप झालं. निघताना तिला सांगण्यात आलं, ‘‘झालं, शुगर गेली. आता सगळं खा.’’

हे वाक्य मी पूर्वी ऐकलं आहे. मधल्या काळात यंत्रं बदलली, निदानाचे आकडे बदलले, सरकारी सूचना निघाल्या. हे वाक्य तेवढं होतं तसंच राहिलं. ते मला लागलं, म्हणून हा मागोवा.

सुरुवातीचा इतिहास भराभर सांगते. इन्सुलिन यायच्या आधी मधुमेही बाईला दिवस जाणंच दुर्मीळ होतं. गेलेच तर आई आणि बाळ दोघांचाही भरवसा नसे. 1922 मध्ये पहिल्यांदा माणसाला इन्सुलिन टोचलं गेलं आणि चित्र पालटू लागलं. 1950 च्या दशकात कोपनहेगनचे योर्गेन पेडरसन यांनी मूळ गोष्ट मांडली. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, तिचं इन्सुलिन जात नाही. मग बाळाचं स्वादुपिंड स्वतःच जादा इन्सुलिन तयार करतं आणि बाळ अंगानं भरतं. नाळ कापली की साखर येणं थांबतं, इन्सुलिन मात्र अजून रक्तात असतं, त्यामुळे जन्मल्यावर थोड्याच वेळात बाळाची साखर घसरू शकते.

1964 मध्ये बोस्टनच्या ओसलिव्हन आणि मॅहन यांनी 752 गरोदर बायकांना ग्लुकोज पाजून निदानाचे पहिले पक्के आकडे ठरवले. त्यांचा प्रश्न आईबद्दल होता. आज गरोदर असलेल्या या बायकांपैकी पुढे कोणाला मधुमेह होईल, हे त्यांना ओळखायचं होतं. या परीक्षेचा उगम आईच्या भविष्याच्या काळजीत आहे, आणि नंतर नेमकं तेच विसरलं गेलं.

त्यानंतरच्या तीस-चाळीस वर्षांवर मी रेंगाळणार नाही. ग्लुकोज 50 ग्रॅम द्यायचं, 75 की 100, रेषा इथे आखायची की तिथे, यावर परिषदा झडत राहिल्या. 2005 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीनं एक शंका मात्र कायमची मिटवली. हजार बायकांच्या त्या चाचणीत उपचार घेतलेल्यांच्या बाळांतल्या गंभीर गुंतागुंती 4 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आल्या. साखर सांभाळल्यानं बाळं वाचतात, हे खरं आहे, आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. माझी दोन्ही मुलं त्याच ज्ञानाच्या आधारानं जगात आली.

मला बोलायचं आहे ते 2008 ते 2018 या दशकाबद्दल, कारण ते मी अंगावर घेतलं आहे.

2008 च्या मे महिन्यात ‘हापो’ या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. नऊ देश, 15 केंद्रं, सुमारे 25 हजार गरोदर बायका. भारतातलं एकही केंद्र त्यात नव्हतं. निष्कर्ष असा की आईची साखर जसजशी वाढते तसतसं मोठ्या बाळाचं आणि सिझेरियनचं प्रमाण वाढत जातं. अमुक आकड्याच्या अलीकडे निर्धास्त आणि पलीकडे धोका, अशी रेषा निसर्गात नाहीच. तरी व्यवहारासाठी रेषा हवी होती. 2010 मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटानं ती आखली : उपाशीपोटी 92, ग्लुकोजनंतर एक तासानं 180, दोन तासांनी 153. यातला एक आकडा जरी गाठला तरी मधुमेह. हे आकडे बाळाचं वजन, बाळाची चरबी आणि नाळेतल्या रक्तातलं इन्सुलिनचं मोजमाप यांवरून काढले होते. प्रश्न आता बाळाचा झाला होता. आई त्या गणितात साखरेचा स्रोत म्हणून उरली.

याच सुमाराला मी पुण्यात पहिल्यांदा गरोदर होते. ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी माझी साखर 146 आली. एका डॉक्टरांच्या मते 140 च्या वर म्हणजे मधुमेह. दुसऱ्यांनी 155 ची अमेरिकी रेषा धरली आणि सगळं ठीक असल्याचं सांगितलं. रक्त एकच, बाई एकच, आणि आजारी की धडधाकट हे दार बदललं की बदलायचं. रेषा वेगवेगळ्या का, हे दोघांपैकी कोणीही समजावून सांगितलं नाही. ते समजून घेण्याचा माझा हक्क होता, आणि ती पाच मिनिटं मला मिळाली नाहीत याचा राग मला अजून आहे.

दुसरा राग घरच्या आणि दारच्या आरोपांचा. ‘‘पेढे जरा जास्तच झाले ना?’’ ‘‘डोहाळे पुरवायचे म्हणजे किती!’’ ही परीक्षा 24 ते 28 आठवड्यांत होते, म्हणजे आपल्याकडे डोहाळजेवणाच्या ऐन दिवसांत. पानात नारळीभात वाढायचा आणि त्याच तोंडानं बाईला खादाड ठरवायचं, हे मी सोसलं आहे. खरी गोष्ट अशी की गरोदरपणाच्या उत्तरार्धात वारेतून येणारी संप्रेरकं आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला पुरेशी साखर पोचत राहते. हे प्रत्येक गरोदर बाईत घडतं. जिचं स्वादुपिंड जादा इन्सुलिन पुरवू शकतं तिची साखर जागेवर राहते, जिचं कमी पडतं तिची वाढते. गरोदरपण तिच्या शरीराची ताकद जोखतं, आणि पुढे काय होऊ शकतं त्याची आगाऊ खूण देतं. ती खूण समजून घ्यायच्या ऐवजी आपण बाईच्या जिभेला दोष दिला.

तिसरा राग आहारपत्रकाचा. झेरॉक्सची झेरॉक्स काढून पुसट झालेला एक कागद हातात पडला : ओट्स, ब्राउन ब्रेड, साय काढलेलं दूध, सफरचंद. त्यात भाकरी नव्हती, उसळ नव्हती, वरण नव्हतं. मी घरी काय खाते हे न विचारता मी काय खायचं हे ठरलं होतं. त्या दवाखान्यात एक वयस्क सिस्टर होत्या. त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, ‘‘सकाळी तुमच्याकडे काय असतं? रात्री जेवायला किती वाजतात?’’ मग त्यांनी माझ्याच स्वयंपाकातून माझं ताट लावून दिलं. ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, कोशिंबीर आणि ताक आधी. भात एक वाटी आणि शेवटी. पोहे खायचे तर दाणे आणि मटार घालून, थोडे. साबुदाण्याचे उपास नऊ महिने बंद. एकदम भरपेट खायचं नाही, थोडं थोडं पण वेळच्या वेळी. जेवण झालं की घरातल्या घरात का होईना, फेऱ्या. माझी पहिली साखर त्या बाईंच्या बोलण्यानं सांभाळली गेली. अशी शेजारी बसून बोलणारी माणसं दवाखान्यांतून कमी होत गेली. आज सल्ला पॅकेजमध्ये मिळतो, तक्ता फोनवर येतो, आणि ‘तुमच्याकडे काय असतं’ हा प्रश्न विचारायला कोणापाशी वेळ नाही. त्या सिस्टरांसारखी माणसं गेली, याचं मला मनापासून दुःख आहे.

इन्सुलिनबद्दलही बोललं पाहिजे. ‘‘नीट पथ्य करा, नाहीतर इन्सुलिन लावावं लागेल,’’ हे वाक्य धमकीसारखं वापरलं जाई. वारेतून पार न जाणारं, बाळापर्यंत न पोचणारं हे औषध शिक्षा म्हणून उच्चारलं गेलं, आणि कित्येक बायकांनी ते टाळण्यासाठी जेवण तोडलं, उपाशी झोपल्या. ज्यांना ते लागलं त्या स्वतःला नापास समजल्या. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं.

आणि बाळाच्या वजनाचं समाधान. ‘‘पावणेतीन किलो भरलं, म्हणजे शुगर छान सांभाळलीत.’’ हे पुण्यात बोललं जात होतं, आणि पुण्यातच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून जवळच्या सहा गावांत केलेलं काम उलट काही सांगत होतं. त्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो होतं, इंग्लंडमधल्या बाळांहून पुष्कळ कमी. पण त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानानं टिकून होती. दिसायला बारीक, आतून चरबीची. आपल्याकडे नुसता वजनकाटा साखरेबद्दल फार थोडं सांगतो. हे ज्ञान ज्या शहरात जन्मलं त्याच शहराच्या बाळंतिणींच्या खोल्यांपर्यंत ते मी तरी पोचलेलं पाहिलं नाही.

डिसेंबर 2014 मध्ये केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचना आल्या आणि इथे मला मोकळ्या मनानं कौतुक करायचं आहे. शेषय्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांची पद्धत त्यात स्वीकारली गेली : बाई जेवून आलेली असो वा उपाशी, 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिलिलिटर पाण्यातून पाजायचं, दोन तासांनी ग्लुकोमीटरवर एक आकडा बघायचा, 140 किंवा जास्त असेल तर उपचार. एकदा पहिल्या भेटीत, पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत. या पद्धतीतून काही बायका निसटतात, असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला, अजूनही घेतात. त्यात तथ्य आहे. पण वाडीवरून एसटीनं येणारी, सकाळची कामं उरकून निघालेली बाई उपाशीपोटी तीनदा रक्त द्यायला प्राथमिक आरोग्य केंद्रात थांबत नाही. तिची एकदा तरी साखर पाहिली जाणं हे आदर्श परीक्षेची वाट पाहण्यापेक्षा मोलाचं होतं. 2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी सुरू झाली, त्याचाही आधार मिळाला.

त्याच सूचनांत आणखी एक ओळ होती : बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी आईची हीच परीक्षा पुन्हा करायची. माझं दुसरं बाळंतपण या काळातलं. मला ती ओळ कोणी सांगितली नाही. बाळाच्या लसींच्या तारखा मला लिहून मिळाल्या; माझ्यासाठी लोह, कॅल्शियम आणि टाक्यांची काळजी. आपल्या रीतीभातीही इथे आड येतात. तपासण्या सासरच्या गावी, बाळंतपण माहेरी, सव्वा महिना घराबाहेर पडायचं नाही, आणि डिंकाचे नि अळिवाचे लाडू चालू. फाइल एका गावात, बाई दुसऱ्या गावात. सहावा आठवडा कधी सरतो, कळतही नाही.

2018 मध्ये हापोवाल्यांचे पुढचे निष्कर्ष आले; त्याच बायकांपैकी काहींना त्यांनी पुन्हा तपासलं होतं. मध्ये अकरा-साडेअकरा वर्षं गेली होती. नव्या आकड्यांनुसार ज्यांना गरोदरपणी मधुमेह ठरला असता, त्यांच्यापैकी 52 टक्के बायकांना मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था होती. इतरांत हे प्रमाण 20 टक्के होतं. बाळासाठी केलेला अभ्यास दहा वर्षांनी आईपाशी परत आला आणि 1964 चा प्रश्नच बरोबर होता असं त्यानं दाखवून दिलं.

मी त्या 52 टक्क्यांच्या बाजूची आहे. चाळिशीत मला मधुमेहाचं निदान झालं. फिजिशियननी वडिलांचं विचारलं, आजीचं विचारलं. माझ्या बाळंतपणांचं विचारलं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञांच्या लेखी माझी गोष्ट बाळ झालं तिथे संपली होती, फिजिशियनच्या लेखी ती निदानाच्या दिवशी सुरू झाली. मधली सगळी वर्षं कोणाचीच नव्हती. आणि त्या वर्षांत बरंच करता आलं असतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत, गरोदरपणी मधुमेह होऊन गेलेल्या आणि साखर पुन्हा वाढू लागलेल्या बायकांत, आहार-व्यायामानं आणि मेटफॉर्मिनच्या गोळीनं, दोन्ही मार्गांनी पुढचा मधुमेह सुमारे निम्म्यानं कमी झाला होता. हे निष्कर्ष 2008 मध्येच छापून आले होते.

नंतरची वर्षं सेन्सर, ॲप आणि ‘हे फळ बंद, ते फळ बंद’ सांगणाऱ्या व्हिडिओंची. 2022 मध्ये न्यूझीलंडच्या चाचणीत कमी आकड्यांची रेषा लावल्यावर निदान 6 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर गेलं, मोठ्या बाळांचं प्रमाण मात्र दोन्ही गटांत सारखंच राहिलं. गरोदर बाईला आणखी घाबरवून हाती फार लागत नाही, असा मी त्याचा अर्थ घेते. 2023 मध्ये आयसीएमआरच्या पाहणीनं देशात 10.1 कोटी मधुमेही आणि 13.6 कोटी पूर्वावस्थेतले असल्याचं सांगितलं. एवढ्या मोठ्या गर्दीत पुढे कोण सामील होऊ शकतं, याची खूण गरोदरपणीच मिळालेल्या लाखो बायका आपल्या नोंदींत आहेत, आणि आपण त्यांना ‘शुगर गेली’ म्हणून घरी पाठवतो.

मला हवं आहे ते आजच करता येण्यासारखं आहे. सहाव्या आठवड्यात बाळ पेंटाव्हॅलंट आणि पोलिओच्या डोससाठी दवाखान्यात येतं, आणि त्याला कडेवर घेऊन आईच येते. आशाताई आदल्या दिवशी निरोप देतातच. त्या निरोपात आईच्या परीक्षेचाही उल्लेख करावा. त्याच दिवशी, त्याच बाकावर तिला 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायला द्या. बाळाच्या कार्डावर आईच्या साखरेसाठी एक रकाना ठेवा आणि पुढे दर वर्षी तिला बोलवा. प्रत्येक फिजिशियननं बाईची हिस्टरी घेताना वडिलांच्या मधुमेहाआधी तिच्या बाळंतपणांचं विचारावं. आणि ज्या घरात सून किंवा लेक अशी शुगर घेऊन बाळंत झाली असेल, त्या घरानं लसीच्या तारखेशेजारी तिच्या परीक्षेची तारीख स्वतः लिहून ठेवावी. दवाखाना विसरला तरी घरानं विसरू नये.